चिकटपट्टीच्या आधीची गोष्ट

मागच्या शनिवारी रात्री आमच्या फ्लॅटवर जेवणं झाली, आणि पत्ते मांडायचे की पिक्चर लावायचा यावरून नेहमीचा वाद सुरू झाला. तो मिटेपर्यंत मी माझी आवडती गोष्ट सांगायला घेतली. मँचेस्टरमधले दोन शास्त्रज्ञ, ग्रॅफाइटचा एक तुकडा आणि साधी चिकटपट्टी. पट्टी लावायची, ओढायची, परत लावायची, परत ओढायची, असं करत करत शेवटी एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा उरतो. त्याचं नाव ग्रॅफीन. २००४ साली पेपर, २०१० साली नोबेल. ही गोष्ट मी ऑफिसात, ट्रेनमध्ये, भाच्याच्या वाढदिवसाला, जमेल तिथे सांगितलेली आहे. श्रोते दरवेळी खूश होतात. कोटी कोटी रुपयांच्या मशीनशिवाय नोबेल मिळतं हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही?

पण या वेळी श्रोत्यांत आमचा शाळेतला एक मित्र होता. आम्ही सगळे मेंढरांसारखे इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा हा एकटा बी.एस्सी.ला गेला, आणि आता केमिस्ट्रीत पीएच.डी. करतोय. तो शांतपणे म्हणाला, "ती चिकटपट्टी फिजिक्सवाल्यांची गोष्ट आहे रे. आमच्याकडे ते दीडशे वर्षांपासून बाटलीत आहे."

झालं. पत्तेही राहिले आणि पिक्चरही. त्यानंतरचा आठवडाभर मिळेल तेव्हा मी हेच वाचत बसलो होतो. मी इतकी वर्षं सांगत आलो ती गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी जास्त रंजक आहे असं माझं आता मत झालंय. शिवाय ज्यांना ज्यांना मी अर्धी गोष्ट ऐकवली त्यांचं देणं लागतो, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. पेन्सिलीच्या शिशात शिसं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं, ग्रॅफाइट असतं. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या पापुद्र्यांची चळत. प्रत्येक पापुद्र्यात कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनात बसलेले असतात. दोन पापुद्र्यांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. कार्बनला चार हात असतात असं आपण दहावीत शिकलो. पापुद्र्यातला प्रत्येक अणू त्यातल्या तीन हातांनी शेजारच्या तिघांना घट्ट धरून असतो. चौथ्या हाताचा इलेक्ट्रॉन कुणा एकाचा नसतो. तो सामाईक खात्यात जमा होतो आणि पापुद्र्याच्या वरखाली मोकाट हिंडतो. ग्रॅफाइट काळं दिसतं आणि त्यातून वीज वाहते, ती या सामाईक खात्यामुळे.

आता समजा, त्या पापुद्र्यावर बाहेरून एक ऑक्सिजनचा, हायड्रोजनचा किंवा फ्लोरिनचा अणू आणून चिकटवला. ज्या कार्बनवर तो बसला त्याचा चौथा हात अडकला. त्याचा इलेक्ट्रॉन सामाईक खात्यातून काढला गेला, आणि सपाट पापुद्र्यात तो अणू जरासा वर उचलला गेला. असे थोडे अणू चिकटवले तर वीज अडखळते. भरपूर चिकटवले तर बंदच होते. म्हणजे किती चिकटवायचे, कुठे चिकटवायचे आणि काय चिकटवायचं, एवढ्यावर वाहक, अर्धवाहक, विद्युतरोधक, पाण्यात विरघळल्यासारखा दिसणारा, पाण्याला हातही न लावणारा असे वेगवेगळे पदार्थ एकाच पापुद्र्यातून निघतात. माझा मित्र दिवसभर हेच करतो.

याची सुरुवात शोधत मागे गेलं की १८४० सालापाशी एक मजेदार माणूस भेटतो, कार्ल शाफहॉइट्ल. हा बव्हेरियाचा. लोखंड-पोलादाच्या अभ्यासासाठी इंग्लंडमध्ये राहिलेला. त्यानं ग्रॅफाइट गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्लात टाकून पाहिलं, तर ते फुगलं. आम्ल पापुद्र्यांच्या मधे शिरतं हे त्यामागचं कारण. या गृहस्थांचा दुसरा नाद संगीत आणि ध्वनिशास्त्र. आज जगभर जी पाश्चात्त्य बासरी वाजते ती बनवणारा थिओबाल्ड बोम हा याचा मित्र, आणि बासरीच्या ध्वनिशास्त्रात यानं त्याला मदत केलेली. पुढे याच गोष्टीत आणखी एक बोम येणार आहे. त्याचा बासरीशी काही संबंध नाही, पण मला हा योगायोग आवडला म्हणून सांगून ठेवतो.

खरा नायक मात्र पुढचा. बेंजामिन कॉलिन्स ब्रॉडी. वडिलांचंही नाव तेच, ते लंडनचे नामांकित सर्जन आणि सरदारकी मिळालेले. मुलगा ऑक्सफर्डला शिकला. पण त्या काळी ऑक्सफर्डची एम.ए. पदवी घ्यायची तर इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे, आणि यानं ती केली नाही. पदवी अडली. मग जर्मनीत गीसनला लीबिगच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकला, आणि १८५५ साली त्याच ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. (आपल्याकडे असं झालं असतं का, हा प्रश्न मनात येतो, पण तो बाजूला ठेवू.)

ब्रॉडीला ग्रॅफीन वगैरे काही करायचं नव्हतं. त्याचा प्रश्न वेगळाच होता. कार्बन हिऱ्यात असतो, कोळशात असतो, ग्रॅफाइटमध्ये असतो. हे तीनही दिसायला, वागायला इतके वेगळे, तर रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ते खरंच एकच आहेत का? ग्रॅफाइटचा अणुभार मोजायचा असं त्यानं ठरवलं. त्यासाठी ग्रॅफाइटचं काहीतरी संयुग बनवणं भाग होतं, आणि ग्रॅफाइट तर कशालाच दाद देत नाही. मग यानं सिलोनचं, म्हणजे आजच्या श्रीलंकेचं ग्रॅफाइट घेतलं, त्यात पोटॅशियम क्लोरेट घातलं, वरून धूर सोडणारं तीव्र नायट्रिक आम्ल ओतलं, आणि ते ६० अंश सेल्सियसला तीन-चार दिवस ठेवलं. मग धुतलं, वाळवलं, आणि परत तेच. परत धुतलं, वाळवलं, परत तेच. असं चार वेळा केल्यावर काळं ग्रॅफाइट गेलं आणि फिकट पिवळा पदार्थ उरला.

त्याचं पृथक्करण ब्रॉडीनं केलं: कार्बन ६१.०४ टक्के, हायड्रोजन १.८५, ऑक्सिजन ३७.११. या पदार्थाला त्यानं ग्रॅफाइटिक आम्ल म्हटलं, कारण तो आम्लासारखा वागत होता. शुद्ध पाण्यात तो पसरायचा, आम्ल घातलं की नाही. तापवला तर एकदम काळा पडायचा आणि ऑक्सिजन गमावायचा. २२० अंशाला तापवल्यावर कार्बन ८० टक्क्यांवर गेलेला त्यानं मोजला. थोडक्यात, आज आपण ज्याला ग्रॅफाइट ऑक्साइड म्हणतो ते तर त्यानं बनवलंच, पण ते तापवून ऑक्सिजन काढण्याचा उलटा रस्ताही त्याच पेपरात आहे. साल १८५९. आपल्याकडे सत्तावन्नच्या बंडाची धूळ अजून खाली बसत होती.

यानंतर ब्रॉडीनं जो हिशेब केला तो साफ चुकला, आणि मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडलेला भाग तोच आहे. वरच्या टक्केवारीवरून सूत्र येतं ते कार्बन ११, हायड्रोजन ४, ऑक्सिजन ५. अकरा हा आकडा विचित्रच. त्याच सुमारास वोलर आणि बुफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सिलिकॉनचं एक संयुग बनवलं होतं आणि त्याचं सूत्र त्यांनी सिलिकॉन ४, हायड्रोजन ४, ऑक्सिजन ५ असं दिलं होतं. ब्रॉडीनं दोन्ही शेजारी ठेवली. कार्बनचे अकरा अणू म्हणजे ११ गुणिले १२, १३२. सिलिकॉन चार आहेत, तर इथेही 'ग्रॅफाइटचे' चार अणू धरू. १३२ भागिले ४, उत्तर ३३. म्हणजे ग्रॅफाइट हा कार्बनचा वेगळा अवतार आहे, त्याचा अणुभार ३३, आणि त्याचं नाव 'ग्राफॉन'!

हसू नका. याला त्याच्याकडे आणखी एक पुरावा होता आणि तो भक्कम वाटणारा होता. तेव्हा ड्यूलाँग आणि पेती यांचा नियम प्रसिद्ध होता: घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्णता गुणिले त्याचा अणुभार यांचा गुणाकार सगळीकडे साधारण सारखा, सहाच्या थोडा वर. लोखंड, तांबं, सोनं, सगळे रांगेत बसतात. कार्बन बसत नाही. ग्रॅफाइटची विशिष्ट उष्णता सुमारे ०.२. तिला १२ नं गुणलं तर येतात अडीचच्या आसपास. आणि ३३ नं गुणलं तर? ६.६! गणित असं चपखल बसलं की कुणीही फसेल. मीही डीबग करताना असाच फसलेलो आहे. दोन वेगळ्या लॉगमधून एकच आकडा निघाला की माणूस शोध थांबवतो.

कार्बन त्या नियमात का बसत नाही याचं उत्तर मिळायला १९०७ साल उजाडावं लागलं, आणि ते देणारा माणूस होता आइन्स्टाइन. कार्बनचे अणू हलके आणि त्यांचे बंध फार ताठ. अशा अणूंना थरथरायला लावायचं तर उष्णतेचा जो कमीत कमी हप्ता लागतो तो खोलीच्या तापमानाला परवडतच नाही. त्यामुळे विशिष्ट उष्णता कमी भरते. आइन्स्टाइननं हे हिऱ्याच्या आकड्यांवर दाखवलं. पुंज सिद्धांताचा हा अगदी सुरुवातीचा विजय. म्हणजे ब्रॉडीची चूक पकडायला लागणारं भौतिकशास्त्र त्याच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी जन्मलं. त्याला दोष कसा देणार?

अजून एक विरोधाभास सांगतो. अणुभार मोजण्यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या ब्रॉडीचा पुढे अणूंवरच विश्वास राहिला नाही. १८६६-६७ मध्ये त्यानं रसायनशास्त्रातून अणू हद्दपार करून त्या जागी एक बीजगणित आणायचा घाट घातला, आणि त्यावर लंडनमध्ये मोठे वाद झडले. एका अणूच्या जाडीचे पापुद्रे पाण्यात तरंगत ठेवणारा पहिला माणूस, आणि अणू आहेत हेच त्याला मान्य नाही.

ब्रॉडीनंतर शंभर वर्षं हा पदार्थ कोपऱ्यात पडून होता असं म्हटलं तरी चालेल. १८९८ साली श्टाउडेनमायर यानं त्यात गंधकाम्ल मिसळलं आणि क्लोरेट एकदम न घालता थोडं थोडं घालायची पद्धत आणली, म्हणजे चार-चार वेळा सगळं परत करायची गरज उरली नाही. पण एक ग्रॅम ग्रॅफाइटला दहा ग्रॅमहून जास्त क्लोरेट, आठवड्याहून जास्त वेळ, आणि त्यातून निघणारा क्लोरिन डायऑक्साइड हा वायू कधीही स्फोट करू शकणारा. कोण करणार?

सुटका केली ती तेलविहिरींच्या धंद्यानं. अमेरिकेत नॅशनल लेड कंपनीचा बॅरॉइड नावाचा विभाग होता, तेलविहीर खणताना जो चिखल आत सोडतात तो बनवणारा. या विभागासाठी पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या विल्यम हमर्स आणि रिचर्ड ऑफमन यांनी १९५८ साली जेमतेम एक पानाचा पेपर छापला. शंभर ग्रॅम ग्रॅफाइट, पन्नास ग्रॅम सोडियम नायट्रेट, २.३ लिटर गंधकाम्ल, बर्फात ठेवून शून्य अंशावर आणायचं, मग तीनशे ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट हळूहळू घालायचं आणि तापमान वीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. परमँगनेट म्हणजे गावाकडे विहिरीत टाकतात ते जांभळं औषध. पुढे थोडं तापवणं, पाणी, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. मुख्य प्रक्रिया दोन तासांच्या आत उरकते. आज जगात कुठेही ग्रॅफीन ऑक्साइड बनतं ते बहुतेक याच कृतीनं किंवा तिच्या सुधारलेल्या आवृत्तीनं. २०१० साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटानं सोडियम नायट्रेट वगळून फॉस्फरिक आम्ल घातलं, त्यामुळे विषारी वायू निघायचे थांबले. पण गाभा हमर्सचाच.

(हे वाचून कुणी घरी करून बघायच्या विचारात असेल तर कृपया नको. परमँगनेट आणि तीव्र गंधकाम्ल एकत्र आलं की एक हिरवट तेलकट ऑक्साइड तयार होतं आणि ते ५५ अंशांच्या वर गेलं की उडतं. मित्राच्या बोलण्यात 'बर्फ संपला होता' हे वाक्य ज्या सुरात येतं, त्यावरूनच मला पुढचं कळलं.)

चिखलवाल्यांना ग्रॅफाइट ऑक्साइडमध्ये रस का असावा? कारण ते मातीसारखं वागतं. आपल्याकडची काळी माती आठवा. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पहिला पाऊस पडला की फुगून त्या बंद. त्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं पापुद्र्या-पापुद्र्याचं खनिज असतं आणि पाणी त्या पापुद्र्यांमधे शिरतं. ग्रॅफाइट ऑक्साइडचंही तेच. साध्या ग्रॅफाइटमध्ये पाणी शिरत नाही, कारण त्याच्या पापुद्र्यांना पाण्याचं काही देणंघेणं नाही. ऑक्सिजन चिकटवला की ओढ निर्माण होते. पापुद्र्यांमधलं ०.३३५ नॅनोमीटरचं अंतर कोरडं असतानाच ०.७ च्या आसपास जातं आणि भिजल्यावर एकच्याही पुढे. हा संबंध ज्यानं सर्वांत आधी ओळखला तो जर्मनीतला उलरिश होफमान. माँटमोरिलोनाइटची रचना त्यानं १९३३ साली मांडली आणि त्याच दशकात ग्रॅफाइट ऑक्साइडचीही. आमच्या घरामागच्या शेतातली माती आणि नोबेलवालं ग्रॅफीन एकाच माणसाच्या टेबलावर होते हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला.

आणि इथे दुसरा बोम येतो. हान्स-पेटर बोम, होफमानच्या गटातला. ग्रॅफाइट ऑक्साइड पाण्यात पसरवलं की ते किती पातळ होतं, हा त्याचा प्रश्न. यानं ते सौम्य अल्कलीत पसरवून हायड्रॅझिन वगैरे वापरून त्यातला ऑक्सिजन काढला, म्हणजे परत कार्बनकडे आणलं, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. फोटोच्या प्लेटवर पापुद्रा किती गडद उमटतो यावरून जाडी काढायची. सर्वांत पातळ पापुद्रा भरला ०.४६ नॅनोमीटर. बोम आणि सहकाऱ्यांनी १९६२ सालच्या पेपरात निष्कर्ष लिहिला की यातले सर्वांत पातळ पापुद्रे कार्बनच्या एकाच थराचे आहेत. चिकटपट्टीच्या बेचाळीस वर्षं आधी. आणि 'ग्रॅफीन' हे नावही बोम आणि त्याच्या सहकाऱ्यांनीच १९८६ साली सुचवलेलं.

मग नोबेल बोमला का नाही? मित्राचा आणि माझा खरा वाद इथेच झाला, आणि तो रात्री दीडपर्यंत चालला. त्याचं म्हणणं, पहिला तो पहिला. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. बोमनं पापुद्रा पाहिला, पण त्यातून वीज कशी वाहते ते मोजलं नाही, तेव्हा मोजता आलंही नसतं. त्यात त्याचा पापुद्रा ऑक्सिजन काढूनही जखमीच होता. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोवोसेलोव यांनी २००४ साली निर्मळ पापुद्रा काढला, त्याला तारा जोडल्या आणि त्यातले इलेक्ट्रॉन कसे वागतात ते जगाला दाखवलं. नोबेल समितीनं दिलेलं कारणही 'शोध' असं नसून ग्रॅफीनवरचे पथदर्शक प्रयोग असं आहे. मात्र गाइमचा मोठेपणा असा की ब्रॉडी आणि बोम यांचं ऋण त्यानं स्वतः मान्य केलं. नोबेलच्या भाषणातही त्यानं ही जुनी वंशावळ सांगितली. अर्धी गोष्ट सांगत फिरलो तो मी. गाइमनं पूर्णच सांगितली होती.

आता चक्र उलटं फिरतं. १९४७ साली कॅनडात फिलिप वॉलेसनं अणुभट्टीतल्या ग्रॅफाइटचा विचार करता करता एका सुट्या पापुद्र्याचं गणित मांडलं होतं, आणि त्यात बँड गॅप शून्य निघाला होता. २००४ नंतर तो शून्यच आडवा आला. ट्रान्झिस्टर म्हणजे शेवटी नळ, तो बंदही व्हायला हवा. सिलिकॉनमध्ये १.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा बँड गॅप आहे म्हणून तो बंद होतो. ग्रॅफीनमध्ये इलेक्ट्रॉन भन्नाट पळतात, पण नळ गळकाच. सिलिकॉनची सद्दी संपणार असे मथळे मी कॉलेजात असताना वाचले होते. संपली नाही, त्याचं मुख्य कारण हे. मग भौतिकशास्त्रवाले आले कुठे? केमिस्ट्रीच्या दारात.

२००७ साली होर्हे सोफो, अजय चौधरी आणि ग्रेग बार्बर यांनी संगणकावर गणित करून भाकीत केलं की ग्रॅफीनच्या प्रत्येक कार्बनवर एक एक हायड्रोजन, आळीपाळीनं वर आणि खाली, बसवला तर एक स्थिर पदार्थ मिळेल. नाव ठेवलं ग्रॅफेन, मिथेन-इथेनच्या चालीवर. (चौधरी हे आडनाव वाचून मी थबकलो. पण आडनावावरून माणसाला आपल्या गावचा ठरवायची आपली खोड वाईट, म्हणून इथेच थांबतो.) दोन वर्षांत, २००९ मध्ये, मँचेस्टरच्याच गटानं ग्रॅफीन हायड्रोजनच्या प्लाझ्मात ठेवून ते करून दाखवलं. वाहक पापुद्रा विद्युतरोधक झाला. आणि आर्गॉनमध्ये ४५० अंशाला चोवीस तास तापवल्यावर हायड्रोजन उडून गेला आणि गेलेले गुण बऱ्याच अंशी परत आले. ऑक्सिजनच्या बाबतीत असं होत नाही. ऑक्सिजन जाताना बरोबर कार्बनही घेऊन जातो, मागे भोकं राहतात. आमच्या भाषेत, हायड्रोजनचा रोलबॅक बरा होतो, ऑक्सिजनच्या रोलबॅकमध्ये डेटा जातो.

२०१० साली त्याच गटानं, राहुल नायर पहिले लेखक, फ्लोरिन चिकटवलं. यातून झाला टेफ्लॉनचा द्विमितीय भाऊ: सुमारे ३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅप आणि हवेत ४०० अंशापर्यंत टिकाऊ. २०१२ मध्ये नायर आणि मंडळींनी ब्रॉडीच्या जुन्या ग्रॅफाइट ऑक्साइडचेच पापुद्रे एकावर एक रचून पडदा बनवला. हीलियमसारखा सटकणारा वायूही त्यातून जाईना, आणि पाण्याची वाफ मात्र पडदा नसल्यासारखी आरपार, हीलियमच्या तुलनेत हजार कोटी पट वेगानं. गंमत म्हणून त्यांनी व्होडकाची बाटली त्या पडद्यानं बंद करून ठेवली. पाणी उडून गेलं, मद्यार्क आत राहिला, व्होडका दिवसेंदिवस कडक होत गेली. २०१७ मध्ये पापुद्र्यांमधलं अंतर ०.९८ पासून ०.६४ नॅनोमीटरपर्यंत हवं तिथे अडकवून ठेवता येतं आणि त्यानं मीठ गाळता येतं हेही दाखवलं गेलं. समुद्राच्या पाण्यासाठी हे किती स्वस्तात होईल ते होईल, पण ट्रान्झिस्टरपेक्षा मला या गाळणीवर जास्त भरवसा वाटतो.

ट्रान्झिस्टरवाल्यांनीही आशा सोडलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये जॉर्जिया टेकच्या वॉल्ट डी हीअर आणि चीनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या ग्रॅफीनच्या थरात ०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅप दाखवला, इलेक्ट्रॉनांचा वेग फारसा न मारता. तो थर खालच्या सिलिकॉनशी रासायनिक बंधांनी बांधलेला असतो, म्हणून गॅप येतो. म्हणजे पुन्हा तेच, काही चौथे हात बांधून ठेवणं.

मित्राला हे सगळं वाचून दाखवायला काल फोन केला. तो लॅबमध्ये होता, शनिवार असून. ग्रॅफाइट ऑक्साइड बनवायला दोन तास लागतात, पण धुवायला आठवडा. आम्ल जसजसं निघतं तसतसे पापुद्रे फुगतात, सगळ्याची लापशी होते आणि गाळणकागद तुंबतो. मग सेंट्रिफ्यूज, आणि सेंट्रिफ्यूजला विभागात रांग. त्याची खरी चिंता वेगळीच आहे. या पदार्थाला ठरावीक सूत्रच नाही. ऑक्सिजन कुठे आणि किती बसला हे ग्रॅफाइटचे कण केवढे होते, परमँगनेट किती वेगानं घातलं, कितीदा धुतलं यावर बदलतं. ब्रॉडीच्या कार्बन अकराला इतक्या वर्षांनीही नेमका वारस मिळालेला नाही. त्याची मार्चमधली बॅच आणि जूनमधली बॅच जुळत नाहीत, गाईड म्हणतात परत कर, आणि फेलोशिपचे आठ महिने उरलेत.

"तू लिही ब्लॉगवर," तो म्हणाला. "पण बॅच जुळत नाही तेही लिही. कुणी लिहीत नाही ते." मग म्हणाला ठेवतो, सेंट्रिफ्यूज रिकामं झालं.